घरच्या घरी वेल्डिंग : जुन्या जीपचा कोणता सांधा आपण जोडावा?

रायपूर : जुनी जीप विकत घ्यायची, तिचे गंजलेले पत्रे कापून नवे बसवायचे आणि खडकाळ वाटांवर, नदीच्या वाळूत ती चालवायची, हा छंद जडलेल्या माणसाला एक गोष्ट लवकरच कळून चुकते. पाना-पेचकसाने होणारे काम थोडे असते, वेल्डिंगचे फार. दर वेळी कारागिराची वाट पाहण्यापेक्षा आपणच शिकावे, असे मग वाटू लागते. चार-सहा रविवारांत लोखंडाला लोखंड चिकटवता येते, हेही खरे. मात्र चिकटलेला धातू आणि एकजीव झालेला धातू यांत मोठे अंतर आहे. तिरप्या उतारावर कललेल्या गाडीत बसलेल्यांचा जीव त्या अंतरावर अवलंबून असतो.

शिकणाऱ्याला रायपूरइतके सोयीचे शहर क्वचितच सापडेल. भिलाई पोलाद कारखाना येथून तीसएक किलोमीटरवर आहे. त्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. शहराला लागून असलेल्या उरला व सिलतरा या औद्योगिक वसाहतींत स्पंज आयर्नच्या भट्ट्या आणि रोलिंग मिल आहेत. बिरगाव येथे तर वेल्डिंगच्या काड्या बनवणारा अडोर वेल्डिंगचा कारखाना आहे. ही कंपनी १९५१ मध्ये अडवानी-ओर्लिकॉन या नावाने सुरू झाली होती. त्यामुळे सरावासाठी लागणारे अँगल, पट्ट्या आणि पाइपांचे तुकडे भंगाराच्या दुकानात किलोवर मिळतात.

भंगार घेताना एक पारख शिकून घ्यावी. तुकड्यावर ग्राइंडर टेकवला असता लांब, पिवळसर आणि कमी फुटणाऱ्या ठिणग्या उडाल्या, तर ते साधे मऊ पोलाद असते. ठिणग्या फुलबाजीसारख्या तडतडून फुटू लागल्या, तर त्यात कार्बन अधिक आहे, असे समजावे. असे पोलाद वेल्डिंगनंतर झपाट्याने थंड होते, सांध्यालगत ठिसूळ बनते आणि तडकते. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

आजकाल घरगुती कामासाठी जड ट्रान्सफॉर्मरऐवजी हातात उचलून नेता येणारी इन्व्हर्टर मशीन वापरली जाते. तिच्यावर २०० अँपिअर असा आकडा लिहिलेला असतो. घरातील वीजजोडणी मात्र तेवढा भार पेलतेच असे नाही. २.५ मिलिमीटरच्या काडीला ८० अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. तेव्हा मशीन घरच्या लाइनवरून साधारण १४ अँपिअर ओढते, म्हणजे १६ अँपिअरच्या सॉकेटवर काम भागते. ३.१५ मिलिमीटरची काडी लावून प्रवाह १२० अँपिअरवर नेला की हीच ओढ २० अँपिअरच्या पुढे जाते आणि सॉकेट तापू लागते. मशीन घेण्यापूर्वी वायरमनकडून स्वतंत्र वायर, योग्य क्षमतेचा एमसीबी आणि खात्रीचे अर्थिंग करून घेणे, हा या छंदाचा पहिला खर्च समजावा.

काडीच्या खोक्यावर ई ६०१३ असा क्रमांक दिसतो. त्यातील ६० हा आकडा जोडातील धातूची ताणशक्ती, दर चौरस इंचास ६०,००० पौंड, सांगतो. १ म्हणजे ती काडी आडव्या, उभ्या आणि डोक्यावरच्या कामालाही चालते. शेवटचे दोन आकडे मिळून लेपाचा प्रकार दर्शवतात. ही काडी सहज पेटते आणि नवशिक्याच्या चुका बऱ्याच अंशी सांभाळून घेते. ई ७०१८ अधिक बळकट जोड देते, पण तिच्या लेपाला दमट हवा चालत नाही. लेपातील ओलाव्यातून हायड्रोजन धातूत शिरतो आणि जोड थंड झाल्यावर, कधी काही तासांनी, आतून तडा जातो. म्हणून ती भट्टीत तापवून वापरावी लागते. छत्तीसगडच्या पावसाळ्यात उघड्या खोक्यात महिनाभर पडलेली ई ७०१८ काडी महत्त्वाच्या सांध्याला वापरणे धोक्याचे आहे.

शिकण्याचा खरा भाग यापुढे सुरू होतो. एकसारखी, खवल्यांसारखी दिसणारी रेघ काढता आली की काम जमले, असा समज असतो. प्रत्यक्षात प्रवाह कमी पडला किंवा हात घाईने फिरला, तर वरची रेघ देखणी दिसते आणि तिच्याखाली मूळ पट्टीची कड न वितळता तशीच राहते. तारेच्या, म्हणजे मिग मशीनवर ही फसगत अधिक होते, कारण तिची रेघ पहिल्याच दिवशी नीटस येते.

याचे उत्तर साधे आहे : आपला जोड आपणच मोडून पाहावा. दोन पट्ट्या टी आकारात उभ्या करून एकाच बाजूने वेल्डिंग करावी, तुकडा व्हाइसमध्ये धरावा आणि उभी पट्टी हातोड्याने वेल्डिंगच्या बाजूकडे पाडावी, म्हणजे सांध्याचे मूळ उघडेल. आत सरळ, गुळगुळीत, जशीच्या तशी कड दिसली, तर तेथे धातू एकजीव झालाच नव्हता. सबंध रुंदीत खडबडीत तुटलेला धातू दिसेपर्यंत किंवा तुकडा न तुटता वाकेपर्यंत हाच सराव करावा. कंटाळवाणे आहे, पण याला पर्याय नाही.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी होणाऱ्या बाहा एसएई इंडिया या स्पर्धेत हाच विचार नियमात उतरवला आहे. या स्पर्धेत विद्यार्थी स्वतः बांधलेली खडतर वाटांवरची गाडी पळवतात. चालकाभोवतीच्या संरक्षक पिंजऱ्यासाठी किमान मापाचे पाइप आणि पोलादातील कार्बनचे किमान प्रमाण ठरवून दिलेले आहे. शिवाय जोडाचे नमुने द्यावे लागतात. काटकोनात जोडलेल्या पाइपांचा नमुना ताणून तोडला जातो. ३० अंशांत जोडलेला नमुना उभा कापून धातू किती खोल वितळला, हे तपासले जाते.

घरच्या जीपवर सुरुवात कोठून करावी? कामाचे टेबल, हत्यारांची पेटी, जेरीकॅनचा स्टँड, फुटबोर्ड ही कामे निर्धोक आहेत. जोड सुटला तर वस्तू पडेल, माणूस नाही. बॉडीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असल्याने काडीने त्याला भोके पडतात. त्यासाठी ०.८ मिलिमीटर तारेची मिग मशीन बरी. पत्रा सलग न जोडता दूरदूर टाके घालत जावे, नाहीतर उष्णतेने तो लाटांसारखा वाकतो.

स्टिअरिंगचे दांडे, पाट्यांच्या स्प्रिंगा, अॅक्सल आणि अडकलेली गाडी ओढून काढण्याचे हूक यांना घरच्या वेल्डिंगने हात लावू नये. वेल्डिंगच्या उष्णतेने स्प्रिंगच्या पोलादाचे पाणी उतरते. हूक निसटला, तर ताणलेल्या दोरासह तो गोळीसारखा सुटतो. चासीचेही तसेच. अनेक जुन्या गाड्यांच्या चासीचे आडवे दांडे रिव्हेटने जोडलेले असतात, ते केवळ जुनी पद्धत म्हणून नव्हे. रिव्हेटच्या सांध्याला किंचित लवचीकपणा असतो आणि एका पट्टीतील तडा सहसा दुसरीत जात नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने वेल्डिंगने घाईघाईत जहाजे बांधली, तेव्हा या फरकाची मोठी किंमत मोजावी लागली. १६ जानेवारी १९४३ रोजी पोर्टलंड येथे शांत पाण्यात उभे असलेले शेनेक्टडी हे तेलवाहू जहाज जवळजवळ दुभंगले. थंडीत ठिसूळ झालेल्या पोलादातील तडा पत्र्यामागून पत्र्यात धावत गेला होता.

डोळ्यांचा प्रश्न वेगळाच आहे. काच न लावता काही क्षण जरी आर्ककडे पाहिले, तरी त्रास लगेच होत नाही. मध्यरात्री वाळू गेल्यासारखे डोळे खुपू लागतात. बटाट्याच्या चकत्या ठेवण्यापेक्षा डॉक्टरांकडे जावे. १० किंवा ११ क्रमांकाच्या काचेचा मुखवटा आपल्यासाठी, आणि शेजारची मुले पाहत उभी राहू नयेत म्हणून कनात, दोन्ही हवेत. रायपुरात मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या आसपास जातो. घामाने भिजलेले हातमोजे अशा वेळी विजेला वाट देतात. मशीनच्या उघड्या टोकांवर ६० ते ८० व्होल्ट असतात, हे विसरू नये. नायलॉनचे कपडे ठिणगीने वितळून कातडीला चिकटतात, म्हणून जाड सुती कपडे घालावेत.

पेट्रोलची टाकी रिकामी असली तरी तिच्यावर वेल्डिंग करू नये. उरलेल्या वाफेचाच स्फोट होतो. जस्ताचा मुलामा असलेला पाइप जोडताना निघणाऱ्या पांढऱ्या धुराने संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगच्या धुराला २०१७ मध्ये कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. काम उघड्यावर आणि वाऱ्याकडे पाठ न करता, वारा आडवा जाईल असे उभे राहून करावे. गाडीवर काम करताना बॅटरीच्या तारा सोडवाव्यात आणि अर्थिंगचा चिमटा सांध्याजवळच लावावा, अन्यथा प्रवाह बेअरिंगमधून वाट काढतो आणि ती खराब होतात.

पुस्तकी वाचनापेक्षा जाणत्या हाताखाली घालवलेले आठ दिवस अधिक शिकवतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वेल्डर हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. नोकरी सांभाळून तेवढा वेळ देणे शक्य नसेल, तर ओळखीच्या गॅरेजमध्ये शनिवार-रविवारी उमेदवारी करणे हाच व्यवहार्य मार्ग दिसतो.

गाडी उभी राहिली तरी ती रस्त्यावर आणण्यापूर्वी कायदा पाहावा लागतो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार वाहनाचे तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्यापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. पुढे बसवल्या जाणाऱ्या लोखंडी बुल बारवर केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करण्यास सांगितले होते. गंजलेला पत्रा बदलून मूळ आकारात आणणे ही दुरुस्ती झाली. चासी लांबवणे किंवा बॉडीचा साचा बदलणे हा फेरफार. यांपैकी आपले काम कशात मोडते, हे कटिंग व्हील लावण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे.