उन्हात गारवा देणारे कपडे : घ्यावेत का?



उन्हाळी भुईमूग उपटणे, कांदा काढणे, धसकटे वेचणे ही कामे ऐन एप्रिल-मेच्या उन्हातच येतात. अशा कामासाठी गार राहणारी जाकिटे आता बाजारात मिळतात. ती घ्यावीत का, हे तुमच्या गावच्या हवेवर आणि कामावर ठरते.

घाम नुसता आल्याने अंग गार होत नाही, तो वाळल्याने होते. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. निथळून मातीत पडला तर फुकट गेला. घरचा माठ आठवा. उन्हाळ्यात पाणी गारेगार, पावसाळ्यात जेमतेम.

पाण्यात भिजवून, पिळून घालायचे जाकीट या माठाच्याच जातीचे. विदर्भ-खानदेशच्या कोरड्या उन्हात ते चांगले काम देते. कोकणच्या दमट हवेत उलट घुसमट होते. खरे सांगायचे तर ओला पंचा डोक्या-खांद्यावर टाकला तरी पुष्कळसे तेच साधते, आणि तो घरात असतोच.

दुसरा प्रकार जपानचा. सोनी कंपनीत पूर्वी अभियंता असलेल्या इचिगाया हिरोशी यांनी 2004 च्या सुमारास तो बाजारात आणला. सदऱ्याला कमरेपाशी दोन छोटे पंखे आणि खिशात बॅटरी. पंखे हवा गार करीत नाहीत, बाहेरची हवा आत खेळवून घाम वाळवतात. म्हणून पाणी न पिता हा सदरा घालून काही उपयोग नाही.

तिसऱ्यात मेणासारखा पदार्थ भरलेल्या पिशव्या असतात. तो साधारण 28 अंशांच्या आसपास वितळतो आणि वितळताना अंगाची उष्णता शोषतो. दमट हवेतही चालतो. पण ओझे होते, दोन-तीन तासांनी पिशव्या पुन्हा थंड कराव्या लागतात. गुऱ्हाळाच्या चुलवणाजवळ मात्र नको, यातले काही पदार्थ पेट घेतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. फवारणी करताना ओले जाकीट किंवा पंख्याचा सदरा मुळीच घालू नका. ओल्या कपड्यातून औषध कातडीत लवकर मुरते, आणि पंखा तर फवाऱ्याचे तुषार थेट अंगावर ओढतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसे दगावली, हे विसरू नका. फवारणी सकाळी लवकर, वाऱ्याची दिशा पाहून, संरक्षक कपडे घालूनच करावी.

पैसे नसतील तर सैल, फिक्या रंगाचा सुती सदरा, डोक्याला रुमाल, दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी आणि दुपारी बारा ते चार सावली. मजूरबायांनाही ही सुट्टी द्या, रोज न कापता.

एवढे करूनही कुणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग चटका बसण्याइतके तापले, तर तो उष्माघात समजा. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घाला; मानेला, काखेत बर्फ लावा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका. लगेच 108 क्रमांकाला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नका.