वस्त्रे आणि शब्द

इंग्रजी शिकू लागलेल्या विद्यार्थ्यास आरंभीच्या काही महिन्यांतच अंगावरील कपड्यांची नावे पाठ करावी लागतात. टोपी म्हणजे कॅप, सदरा म्हणजे शर्ट, मोजे म्हणजे सॉक्स, अशा जोड्या वहीत उतरवून घेतल्या की आपले काम झाले, असे त्यास वाटते. त्यांतील निम्मे शब्द तर तो घरीदारी रोज ऐकतच असतो. कोट, टाय, स्वेटर, बूट हे शब्द मराठीत इतके रुळले आहेत की, त्यांना परके म्हणण्यास मन धजत नाही. पण हीच नावे घेऊन तो एखादे साधे वाक्य रचू लागला म्हणजे अडखळतो. नावे तर सारी ठाऊक आहेत. मग अडते कोठे? एका भाषेतील शब्द दुसऱ्या भाषेच्या मापाने बेतलेले नसतात, तेथे अडते. दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा आपल्या अंगात घातला, तर तो खांद्याला बसतो, पण बाहीला आखूड पडतो. तसाच काहीसा हा प्रकार आहे.

प्रथम क्रियापदांचाच विचार करू. एखाद्या लग्नघरातील सकाळ डोळ्यांपुढे आणा. आजी लुगडे नेसते. आजोबा धोतर नेसतात, अंगात सदरा घालतात, डोक्यास पागोटे बांधतात, खांद्यावर उपरणे घेतात, आणि हवेत गारठा असेल तर वरून शाल पांघरतात. धाकटी बहीण केसांत गजरा माळते. घरातील सुना दागिने घालतात. जुन्या वळणाने बोलावयाचे तर दागिने लेतात. एका घरातील चार माणसे समारंभासाठी तयार झाली, तर तेवढ्यासाठी मराठीला सात क्रियापदे लागली! आणि ही क्रियापदे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. 'मी सदरा नेसलो' किंवा 'आजोबांनी धोतर पांघरले' असे कोणी म्हटले, तर शेजारचे लहान मूलही हसेल.

यामागे एक सूत्र आहे. आपल्या देशात पूर्वी बहुतेक वस्त्रे न शिवलेली असत. मागावरून उतरलेले लांब कापड तसेच अंगाभोवती गुंडाळावयाचे, हीच पोशाखाची रीत होती. तेव्हा वस्त्र कोणते, यापेक्षा ते शरीरावर कसे धारण केले जाते, याकडे भाषेने अधिक लक्ष पुरविले. कमरेभोवती गुंडाळून खोचले तर नेसणे, अंगावरून सोडले तर पांघरणे, गाठ किंवा पीळ देऊन बसविले तर बांधणे, आणि शिवलेल्या वस्त्रात आपण हातपाय सरकविले तर घालणे. परकराच्या बाबतीत मात्र घरोघरी मतभेद आढळतो. तो शिवलेला असतो, म्हणून कोणी तो 'घालतात'. तो कमरेशी नाडीने आवळावा लागतो, म्हणून कोणी तो 'नेसतात'. आमच्या मते दोघांचेही बरोबर आहे.

इंग्रजीत या सर्वांसाठी 'वेअर' हे एकच क्रियापद पुरते. लुगडे, पागोटे, शाल, गजरा, अंगठी, चष्मा, मनगटावरील घड्याळ, इतकेच नव्हे तर अंगास लावलेले अत्तर, राखलेली दाढी आणि चेहऱ्यावरील हास्य यांनाही तेच लागू पडते. हे ऐकून विद्यार्थ्यास हायसे वाटेल. पण इंग्रजीने येथे वाचविलेले श्रम दुसरीकडे वसूल केले आहेत. कपडा अंगावर चढविण्याची क्रिया आणि तो अंगावर असण्याची स्थिती, हा भेद ती भाषा कटाक्षाने पाळते. क्रियेला 'पुट ऑन' आणि स्थितीला 'वेअर'. मराठीत 'त्याने टोपी घातली' आणि 'त्याने टोपी घातली आहे' अशी दोन वाक्ये आपण एकाच क्रियापदावर भागवितो. म्हणून टोपी घालून स्वस्थ बसलेल्या मुलाचे चित्र पाहून आपला विद्यार्थी 'ही इज पुटिंग ऑन अ कॅप' असे लिहितो. इंग्रजी वाचणारास त्यावरून असे दिसते की, मुलाचे हात या क्षणी वर गेलेले आहेत आणि टोपी अजून डोक्यावर नीट बसावयाची आहे. येथे 'ही इज वेअरिंग अ कॅप' असेच म्हटले पाहिजे.

दुसरी अडचण वचनाची. आपला पायजमा एक असतो. इंग्रजाचा मात्र नेहमी अनेक. 'माझा पायजमा कोठे आहे?' याचे इंग्रजी करताना 'पजामाज' असे अनेकवचन आणि त्यास जुळणारे अनेकवचनी क्रियापद योजावे लागते. ट्राउझर्स, शॉर्ट्स, जीन्स यांचीही हीच तऱ्हा. मध्ययुगीन युरोपात पायांची आवरणे उजव्या आणि डाव्या पायासाठी वेगवेगळी असत. पुढे ती जोडून एक केली गेली, तरी दोन पायांच्या वस्त्राचे नाव अनेकवचनी असावे, हे वळण भाषेत पक्के झाले. एक नग सांगावयाचा असेल तर 'अ पेअर ऑफ', म्हणजे एक जोडी, असे म्हणतात. दुकानात जाऊन एक जोडी मागितली तरी हाती विजार एकच पडते. ही सवय इतकी बलवत्तर आहे की, बाहेरून आलेला शब्दही तिच्यातून सुटत नाही. पायजमा हा मूळचा फारसी शब्द. 'पाय' म्हणजे पाऊल किंवा तंगडी आणि 'जामा' म्हणजे वस्त्र. तो हिंदुस्थानातून इंग्रजीत गेला आणि तेथे अनेकवचनी झाला. आपल्याकडील चड्डी तर अगदी अलीकडे, विलायतेत स्थायिक झालेल्या आपल्या लोकांच्या बोलण्यातून इंग्रजीत शिरली. २०१९ साली ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने तिची नोंद केली, तीही 'चडीज' अशी अनेकवचनी!

याच्या उलट गंमत छिटाच्या बाबतीत झाली. रंगीत ठिपक्यांच्या व फुलापानांच्या आपल्या सुती कापडास हिंदीत छींट आणि मराठीत चीट किंवा छीट म्हणतात. सॅम्युअल पेपिस हा लंडनचा गृहस्थ १६६३ सालच्या रोजनिशीत त्यास 'चिंट' असेच म्हणतो. व्यापारी गठ्ठ्यांनी माल आणीत, म्हणून त्याचे अनेकवचन 'चिंट्स' हेच कानांवर अधिक पडू लागले. पुढे लोकांना तेच मूळ नाव वाटले, आणि आज 'चिंट्झ' हे इंग्रजीत एकवचन आहे.

येथवर आलो म्हणजे ध्यानात येते की, ज्या भाषेचे शब्द आपण परके समजून पाठ करतो, तिच्या कपाटातील पुष्कळ कपडे आपल्याच देशातून गेलेले आहेत. शाल, कमरबंद, बांधणीपासून झालेला 'बँडाना', फारसीतील धूळ या अर्थाच्या 'खाक' शब्दापासून झालेला खाकी, हे सारे याच वाटेने गेले. खुद्द मुंबईचाही त्यात वाटा आहे. डोंगरी हा मुंबईतील एक जुना भाग. त्या बाजूस विकले जाणारे जाडेभरडे सुती कापड खलाशी व कष्टकरी लोक वापरीत. त्या कापडास डोंगरीचे नाव पडले आणि इंग्रजीत त्याचे 'डंगरी' झाले. सतराव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी व्यापाऱ्यांच्या लेखांत हा शब्द सापडतो. आज इंग्लंडातील लहान मूल छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे असलेली जी विजार घालते, तिला 'डंगरीज' म्हणतात. त्या मुलास अर्थातच मुंबईतील डोंगरीची वार्ताही नसते.

कॅलिको या शब्दाची कथा मात्र इतकी सुखाची नाही. केरळातील कालिकत बंदरावरून हे नाव आले. हिंदुस्थानी सुती कापड वजनाला हलके, धुण्यास सोपे आणि रंगाला पक्के. त्यामुळे सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात त्यास विलक्षण मागणी आली. तेथील लोकरीचे व रेशमाचे विणकर हवालदिल झाले. १७१९ साली लंडनमध्ये चिडलेल्या विणकरांनी रस्त्यांतून जाणाऱ्या स्त्रियांच्या अंगावरील छापील सुती कपडे फाडले. अखेर १७२१ साली असे कापड वापरण्यास बंदी करणारा कायदा झाला, तो १७७४ पर्यंत टिकला. त्यानंतर यंत्रे आली, आणि प्रवाह उलटा वाहू लागला. लँकेशायरच्या गिरण्यांतील कापड आपल्या बाजारांत भरले, आणि आपल्या विणकरांचे माग बंद पडू लागले. १९०५ साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी पेटली, त्यामागे हा इतिहास होता. कालिकतचे नाव अजूनही इंग्रजी कोशात आहे. ते कापड विणणारांपैकी एकाचेही नाव कोणी लिहून ठेवले नाही.

शब्दांची ये-जा एकाच दिशेने कधी होत नाही. आपणही उदारपणे घेतले. सदऱ्याला बटणासाठी जे भोक ठेवतात त्यास आपण काज म्हणतो, तो पोर्तुगीजांच्या 'काझा' या शब्दावरून आला. त्याचा अर्थ घर. बटणाचे घर ते काज, ही कल्पना मोठी गोड आहे. पाटलोण आणि पँट हे तर एकच पाहुणे दोनदा आलेले. इटालियन नाटकांत पँटालोने नावाचा एक कंजूष म्हातारा असे. त्याच्या विजारीवरून 'पँटलून' शब्द झाला. मराठीने तो आधी पाटलोण म्हणून घेतला, आणि इंग्रजीत तो आखडून 'पँट्स' झाल्यावर पुन्हा पँट म्हणून घेतला. घरात घेताना आपण प्रत्येकास लिंगही बहाल केले. तो कोट, ती पँट, ते बटण. या वाटणीस नियम शोधू नये.

परंतु घेतलेल्या शब्दांचा अर्थ आपल्याकडे बदलला, हे विसरल्यास फजिती होते. आपण कोणत्याही बंद पादत्राणास बूट म्हणतो. इंग्रजाचा 'बूट' घोट्याच्या वर चढतो, आणि साध्या पादत्राणास तो 'शू' म्हणतो. आपला ब्लाऊज साडीखाली घालण्याची आखूड चोळी, तर त्यांचा ब्लाऊज हा स्त्रियांचा सैलसर सदरा. आपल्या घरी गाऊन हा झोपताना किंवा घरकाम करताना घालतात. त्यांच्याकडे तो मेजवानीस किंवा पदवीदान समारंभास शोभतो. सलवार-कमीज यास आपण नुसते 'ड्रेस' म्हणतो. इंग्रजीत ड्रेस म्हणजे वरपासून खालपर्यंत एकसंध असलेला स्त्रियांचा झगा. हाफपँट व फुलपँट हे शब्द तर आपणच घडविलेले आहेत. लंडनमधील दुकानदारास ते सांगून पाहू नयेत. तेथे 'पँट्स' म्हटले तर तो आतून घालावयाची चड्डी काढून दाखवील. अमेरिकेत मात्र पँट्स म्हणजे आपली पँटच.

आता उरले ते ज्यांना इंग्रजीत जोडच नाही असे शब्द. शब्दकोशांनी परकरास 'पेटिकोट' आणि घोंगडीस 'ब्लँकेट' असे प्रतिशब्द दिलेले आढळतात. ते तात्पुरते काम भागवितात, एवढेच. ब्लँकेट अंथरुणावर असते. घोंगडी धनगराच्या खांद्यावर असते, पावसात तिची खोळ होते, दुपारी ती सावलीत अंथरली जाते आणि रात्री पांघरली जाते. अशा वेळी मूळ शब्द तसाच ठेवावा, आणि त्यापुढे एका वाक्यात त्याचा खुलासा करावा. नऊवारी म्हणजे नऊ वार, अर्थात सुमारे सव्वाआठ मीटर लांबीचे लुगडे, की ज्याचा काष्टा मागे खोचतात, असे लिहिले तर परदेशातील वाचकास चित्र दिसेल. तेच कुंचीचे. ती टोपडे नव्हे, कारण तिचा घोळ पाठीवरून खाली उतरलेला असतो. आणि झबलेही नव्हे, कारण तिला बाह्या नसतात. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर ती बसवून हनुवटीखाली बंद बांधले की, डोके, कान आणि पाठ एकाच वेळी झाकली जातात, आणि बाळास उन्हावाऱ्यात नेता येते.