रेडिओवरची ताई आणि गावाची वही

आम्ही जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत बचत गटांचं काम करणाऱ्या बायका. गटाच्या बैठकीत आपण बचत, कर्ज, परतफेड यांवर बोलतोच. आज जरा वेगळा विषय घेऊ. रेडिओवर बोलणारी ताई, म्हणजे निवेदिका, नेमकं काय काम करते? आणि ते काम आपल्या गटातल्या बाईला जमेल का?

पुष्कळ जणींना वाटतं की निवेदिका म्हणजे गोड आवाज आणि शुद्ध भाषा. पण मोठ्या शहरातल्या रेडिओची गोष्ट निराळी आणि सामुदायिक रेडिओची निराळी. इथल्या निवेदिकेची तीन कामं असतात. माणसं जमवणं, त्यांना विचारून गावाची आठवण नोंदवणं, आणि आरोग्याच्या ज्या सवयी ती सांगते त्या आधी स्वतः पाळणं. आवाजाचा नंबर त्यानंतर येतो.

हा रेडिओ कुणाचा?

1995 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हवेतल्या रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. त्यानंतर 2002 मध्ये शैक्षणिक संस्थांना, आणि 2006 पासून स्वयंसेवी संस्थांना व कृषी विज्ञान केंद्रांना आपलं छोटं रेडिओ केंद्र चालवायला परवानगी मिळू लागली. अशा केंद्राचा आवाज साधारण 10 ते 15 किलोमीटरपर्यंत पोचतो. म्हणजे आठवड्याच्या बाजाराला येणारी गावं. निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत, असं सरकारी धोरणच सांगतं. म्हणजे आपण बोलायला गेलो तर ते आपल्यावर उपकार नव्हेत. ते केंद्र त्यासाठीच आहे.

बाया हे करू शकतात का, असं कुणी विचारलं तर दोन उदाहरणं सांगा. तेलंगणातल्या माचनूर गावात 2008 साली 'संघम रेडिओ' सुरू झाला. तो गावातल्या शेतकरी बायकांच्या संघांचा. दोन दलित तरुणींनी तो चालवायला घेतला आणि बी-बियाणं, पिकं, गाणी, दुखणीखुपणी असे विषय तिथल्याच बोलीत मांडले. आपल्याकडे साताऱ्यातल्या म्हसवडला त्याच वर्षी 'माणदेशी तरंग वाहिनी' सुरू झाली. माणसारख्या दुष्काळी तालुक्यातल्या बायका तिथे ओव्या गातात, शेळीपालनाबद्दल बोलतात.

पहिलं काम: जमवणं

माईक लावला आणि 'बोला काकू' म्हटलं की काकू गप्प. हे प्रत्येक गावात होतं. बाई एकटी बोलत नाही, चारचौघीत बोलते. म्हणून निवेदिकेने आधी जमण्याचा प्रसंग शोधायचा. आपल्या खान्देशात त्यासाठी वेगळा कार्यक्रम आखायची गरजच नाही. आपलं वर्षच त्याने भरलेलं आहे.

आखाजी घ्या. बाकी महाराष्ट्र अक्षय तृतीया म्हणतो, आपण आखाजी. लेकी माहेरी येतात, गौराई बसते, झाडाला झोके बांधतात आणि झोक्यावर गाणी सुरू होतात. घरात खापरावरच्या पुरणपोळ्या, सांजोऱ्या आणि आमरस. वर्षभर सासरी असलेली बाई त्या दोन-चार दिवसांत मोकळी बोलते. पुढे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई येते, भाऊबंद एकत्र बसून रोट खातात. मग भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई. पोरी घरोघरी गाणी म्हणतात आणि डब्यातला खाऊ ओळखायला लावतात. संक्रांतीचं हळदीकुंकू आणि 8 मार्चचा महिला दिन तर गटागटात होतोच.

निवेदिकेने या चार-पाच तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात. त्या दिवशी माईक घेऊन नुसतं हजर राहायचं. भाषण करायचं नाही, दिवाही आपण लावायचा नाही. पाहुण्यांचा सत्कार, हारतुरे यांत तास गेला की गाणाऱ्या आजी उठून घरी जातात. आणि भाषा? घरात अहिराणी बोलत असाल तर अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा गणबोली, तावडी असेल तर तावडी. शुद्ध बोलायला सांगितलं की बाईचं निम्मं बोलणं आटतं.

दुसरं काम: विचारून लिहून ठेवणं

आता मुख्य गोष्टीकडे येतो. बोललेलं हवेत विरून जातं. रेडिओवरचंही विरतं. उरतं ते कुणी तरी उतरवून घेतलेलं. याचा मोठा पुरावा आपल्याच मातीत आहे.

1932 साली विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. 21 फेब्रुवारीपासून दर रविवारी त्यांनी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचनं दिली. 19 जूनपर्यंत अशी 18 प्रवचनं झाली. समोर हातात कागद घेऊन साने गुरुजी बसलेले. अमळनेरच्या शाळेत शिकवलेले, आपल्या ओळखीचे. त्यांनी ती प्रवचनं उतरवून घेतली, म्हणून आज 'गीता प्रवचने' हे पुस्तक घरोघरी आहे. बोलणारे मोठे होतेच, पण लिहिणारा नसता तर ते शब्द त्या भिंतींच्या आतच संपले असते.

दुसरं नाव बहिणाबाई चौधरींचं. 1880 साली आसोद्यात जन्म, लग्न होऊन जळगावला आल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करता करता त्यांच्या तोंडून ओव्या यायच्या. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या माणसांनी त्यांतल्या काही टिपून ठेवल्या. 1951 साली बहिणाबाई गेल्या आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण ज्या ओव्या कुणी टिपल्याच नाहीत, त्या कुठे गेल्या? त्या त्यांच्याबरोबरच गेल्या.

धुळ्यातच इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाने 1927 पासून संशोधन मंडळ आहे. राजवाडे गावोगाव फिरून जुने कागद गोळा करायचे. पण त्या कागदांत पाटील, देशमुख, जमीन, वतन आणि लढाया सापडतात. जात्यावर बसलेल्या बाईचं नाव त्यांत क्वचितच येतं. आपला इतिहास कागदावर कमी आणि तोंडात जास्त राहिलाय. म्हणून तो आपल्यालाच उतरवावा लागेल.

आणि वेळ थोडा आहे. डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच, अध्यक्ष पंडित नेहरू. तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलगी आज शंभरीला टेकली असेल. म्हणजे ती आठवण जवळजवळ गेली. 1972 चा दुष्काळ मात्र अजून हाताशी आहे. खडी फोडायला गेलेल्या, सुकडी खाल्लेल्या, मिलोच्या लाल भाकरी थापलेल्या बाया आपल्या गल्लीत आहेत. पण तेव्हा ज्या विशीत होत्या, त्या आता सत्तरी ओलांडून गेल्या. आणखी दहा वर्षांनी कुणाला विचारणार?

विचारायचं कसं, ते आता सांगतो. 'दुष्काळाबद्दल काही सांगा' असं विचारू नका, उत्तर येतं 'लई हाल होते बाई.' त्याऐवजी हाताने केलेल्या कामाबद्दल विचारा. सकाळी किती वाजता निघायच्या? लहान पोर कुणाजवळ ठेवायच्या? मजुरी कुणाच्या हातात पडायची, तुमच्या की नवऱ्याच्या? या शेवटच्या प्रश्नावर आमच्या एका गटात तासभर चर्चा चालली होती. साल आठवत नसेल तर खूण विचारा. 'थोरल्याचा जन्म आधीचा की नंतरचा?' म्हटलं की साल सापडतं.

साक्री तालुक्यात पांझरेकाठी फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, पाटाने पाणी, शेताचे फड पाडलेले आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी वाटायला गावाने नेमलेली माणसं. शेकडो वर्षांची ही रीत. पुरुषांना विचाराल तर पाटाची लांबी सांगतील. बायांना विचारा, रात्रीची पाण्याची पाळी असली की घरचं कोण काय करायचं. तो अर्धा इतिहास अजून कुणी विचारलेला नसतो.

नोंद करताना एवढं सांभाळा. फोन विमान मोडवर टाका म्हणजे मध्येच घंटी वाजणार नाही. पंखा बंद करा. खाली गोधडी अंथरा, रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. फोन तोंडापासून वीतभर लांब धरा. सुरुवातीला तारीख, गाव, बोलणारीचं नाव आणि अंदाजे वय बोलून घ्या. त्याआधी तिची परवानगी घ्या. हे रेडिओवर लागेल, तुमचं नाव सांगू का, असं स्पष्ट विचारा. घरातली भांडणं, कुणाची बदनामी असं काही निघालं तर ते लावायचं नाही, ती 'लावा' म्हणाली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचं. शेवटी सगळं तिला ऐकवायचं.

हे लिहायला नवीन माणूस नको. आपल्या प्रत्येक गटात इतिवृत्त लिहिणारी सचिव आहेच. त्याच रजिस्टरच्या मागे महिन्याला एक पान आठवणीचं ठेवा. फोन हरवतो, बिघडतो. पान राहतं.

तिसरं काम: आधी स्वतः पाळणं

उमेदच्या दशसूत्रीत आरोग्य आहेच. पण आरोग्यावर बोलताना निवेदिका दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल बोलत असते, आणि 10 किलोमीटरच्या परिघात सगळे तिला ओळखतात. ती रेडिओवर एक सांगून बाजारात दुसरंच करताना दिसली तर तिचं पुढचं काहीच कुणी ऐकत नाही. म्हणून नियम सोपा. जे स्वतः महिनाभर केलं, तेच सांगायचं.

सुरुवात रक्तापासून करा. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे गटात दहा जणी असतील तर पाच-सहा. हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की रक्त कमी, गरोदर बाईसाठी 11 च्या खाली. निवेदिकेने आधी स्वतःचं तपासून घ्यावं आणि आपला आकडा सांगावा. मग बाकीच्या तपासायला निघतात.

जेवणाचं सांगताना महागडी फळं सांगू नका. आपलंच सांगा. ज्वारीत उडीद घालून दळलेल्या कळण्याची भाकरी, अंबाडीची भाजी, मेथी, शेवग्याचा पाला, हरभरा, शेंगदाणे. वरून लिंबू पिळलं तर त्यातलं लोह अंगी जास्त लागतं. आणि जेवणावर लगेच चहा नको. चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही, मध्ये तासभर जाऊ द्या. लोहाच्या गोळीचंही तसंच. ती चहाबरोबर घ्यायची नाही आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नाही.

दुसरी सवय उन्हाची. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, आणि शेतातलं काम थांबत नाही. सकाळी लवकर काम, दुपारी सावली, डोक्याला ओला रुमाल. तहान लागायच्या आधी पाणी. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर ओआरएसचं पाकीट, नाही तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. उन्हात कुणी बरळायला लागलं किंवा बेशुद्ध पडलं तर घरगुती उपाय करत बसू नका, अंग ओलं करून लगेच दवाखान्यात न्या.

तिसरी सवय तिच्या आवाजाची. बोलण्याआधी कोमट पाणी घोट घोट प्या. ओरडू नका, आवाज बसला असेल तर कुजबुजूही नका, त्यानेही घशावर ताण येतो. तीन आठवडे झाले तरी आवाज सुटला नाही तर डॉक्टरला दाखवा.

एक मर्यादाही पाळायची. निवेदिका डॉक्टर नव्हे. औषधाचं नाव रेडिओवरून सांगायचं नाही. आशाताई कधी भेटतील, उपकेंद्रात कोणत्या वारी तपासणी असते, हे सांगितलं तरी मोठं काम होतं.

मैत्रिणींनो, तिन्ही कामं एकमेकींना धरून आहेत. आखाजीला जमलेल्या बाया 1972 च्या सुकडीबद्दल बोलल्या की त्यांतूनच तेव्हा काय खायचो आणि आता काय खातो, हे निघतं. आरोग्याचा कार्यक्रम मग वेगळा करावा लागत नाही. तर येत्या बैठकीत एवढं करा. गटातली, नाही तर गल्लीतली सर्वांत वयस्क बाई कोण, ते ठरवा. तिला भेटायचा दिवस ठरवा, कोण विचारणार आणि कोण लिहिणार ते ठरवा, आणि रजिस्टरमध्ये ठराव म्हणून लिहा. पहिलं पान भरलं की आम्हाला कळवा. पुढच्या वेळी आमच्याऐवजी त्या आजींचा आवाज इथे ऐकू.