मोटारीचे सुटे भाग : अस्सल, पर्यायी आणि नकली

मुंबईहून पुण्याला जाणारा जुना रस्ता पनवेलवरून जातो आणि खोपोली सोडली की बोरघाट चढू लागतो. १८३० साली हा घाट गाड्यांना खुला झाला. एके काळी पनवेल बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजलेले होते. आज त्या चाकांची जागा जीप, टेम्पो आणि मोटारींनी घेतली, सुतार-लोहारांच्या जागी गॅरेजे आली. या गॅरेजांत दोन वाक्ये रोज ऐकू येतात. पहिले, “ओरिजिनल टाकू की लोकल?” आणि दुसरे, “काय करणार, काढताना तुटला!” पहिल्या वाक्याने गिऱ्हाईक गोंधळते, दुसऱ्याने भांडण होते. या दोन्हींमागे काय आहे ते आज पाहू.

मोटारीवर ज्या कंपनीचे नाव असते ती कंपनी मोटारीचे सगळे भाग स्वतः घडवीत नाही. ब्रेक, दिवे, बेअरिंग, फिल्टर असे पुष्कळ भाग ती दुसऱ्या कारखान्यांकडून घेते. पिंपरी-चिंचवड आणि चाकण भागात असे अनेक कारखाने आहेत. म्हणून बाजारात चार प्रकारचा माल दिसतो. पहिला, मोटार कंपनीच्या खोक्यातला. दुसरा, ज्या कारखान्याने कंपनीला भाग पुरवला त्याच कारखान्याच्या स्वतःच्या खोक्यातला. हा बहुधा स्वस्त पडतो. तिसरा, भलत्याच कारखान्याने त्याच मापावर बनवलेला आणि स्वतःच्या नावाने विकलेला, म्हणजे पर्यायी भाग. चौथा, दुसऱ्याचे नाव छापून विकलेला नकली माल.

आपण बोलताना पहिला सोडून बाकी तिन्हींना सरसकट ‘डुप्लिकेट’ म्हणतो आणि इथेच फसतो. पर्यायी भाग विकणारा खोटे बोलत नाही. त्याचा माल चांगला असेल, बेताचा असेल, पण नाव त्याचे स्वतःचे असते. नकली माल ही मात्र निव्वळ फसवणूक होय.

मग निवड कशी करावी? एकच प्रश्न विचारावा: हा भाग चालता चालता निकामी झाला तर काय होईल? आरशाची काच किंवा चिखल अडवणारे प्लॅस्टिक गेले तर थोडी गैरसोय होईल. तिथे पैसे वाचवायला हरकत नाही. पण ब्रेकचे पॅड, ब्रेकची रबरी नळी, स्टिअरिंगचे सांधे किंवा इंजिनाचा टायमिंग पट्टा गेला तर प्रसंग जिवावर बेतू शकतो, निदान इंजिनावर तरी. तिथे पहिल्या दोन प्रकारांपलीकडे जाऊ नये.

याचे कारण असे. भागाचा आकार मोजपट्टीने मोजता येतो, त्याची नक्कलही सोपी. पण पोलादात काय मिसळले आहे, त्याला पाणी कसे दिले आहे, रबर कोणत्या मिश्रणाचे आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. बोरघाट उतरताना भरलेल्या जीपचा सारा वेग ब्रेकमध्ये उष्णता होऊन जिरतो. हलक्या मिश्रणाचे पॅड गावात ठीक चालतात, पण तापले की त्यांची पकड सुटत जाते. दुकानाच्या फळीवर मात्र दोन्ही पॅड जुळ्या भावांसारखे दिसतात.

आता दुसरे वाक्य. काढताना भाग का तुटतो? कारणे मुख्यतः तीन आहेत: गंज, वय आणि बळजबरी.

पनवेलला खाडीची खारट हवा आणि चार महिने धो धो पाऊस. लोखंड गंजले की गंजाला मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा लागते. बोल्टच्या आट्यांत तो गंज पाचरीसारखा बसतो. पान्याला जोर दिला की आटे सुटत नाहीत आणि बोल्टची मान पिळवटून तुटते. यावर उपाय म्हणजे गंज सोडवणारे तेल टाकून थांबणे, किंवा नट तापवणे. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवीत, कारण तापली की ती फुगते. तोच न्याय इथे. मात्र पेट्रोलची नळी किंवा रबर जवळ असेल तर आग लावू नये.

दुसरे कारण वयाचे. प्लॅस्टिकची बादली वर्षानुवर्षे उन्हात राहिली की कड धरून उचलताच तुकडा हातात येतो. रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी, तारांचे जोड, क्लिपा यांचे इंजिनाच्या उष्णतेत असेच होते. हात लावेपर्यंत ते टिकून असतात. अशा वेळी दोष कारागिराला देणे अन्यायाचे ठरते.

तिसरे कारण बळजबरीचे, आणि हे मात्र टाळता येते. घट्ट आवळलेला बोल्ट ताणलेल्या स्प्रिंगसारखा काम करतो. मर्यादेत ताणला तर पकडून ठेवतो, मर्यादेपलीकडे गेला की कायमचा लांबतो. म्हणूनच किती आवळावे याचे माप ठरलेले असते आणि ते दाखवणारा टॉर्क पाना मिळतो. काही इंजिनांच्या हेडचे बोल्ट तर एकदाच वापरायचे असतात. तेच परत लावणे म्हणजे पुढच्या बिघाडाला आमंत्रण. बेसुमार मापाचा पर्यायी भाग हातोडीने ठोकून बसवला तर तो तुटतोच, शिवाय शेजारचा चांगला भागही खराब करतो. भाग हलका आणि हात उतावळा, असा योग जुळला की नुकसान दुप्पट.

तेव्हा काम सुरू होण्यापूर्वी मिस्त्रींना विचारावे, “दादा, यात काय तुटण्यासारखे आहे? तुटले तर खर्च किती?” जो आधी सांगतो तो जाणता कारागीर. काढलेला जुना भाग मागून घ्यावा. बिलावर भागाचे नाव आणि बनवणाऱ्याचे नाव लिहून घ्यावे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा असला, तरी हातात बिल नसेल तर तक्रार लंगडी पडते.

मोटार कंपन्यांनाही मोकळे रान नाही. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, या कारणावरून २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यावर पुढे अपिले झाली. पण वाहन दुरुस्तीची निवड ग्राहकाची असावी, ही गोष्ट त्यामुळे देशापुढे आली. २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टलही सुरू केले.

शिक्षक बंधुभगिनींनी हा विषय वर्गात जरूर घ्यावा. एक खिळा मिठाच्या पाण्याने ओला करून आणि एक कोरडा, असे आठवडाभर ठेवा. लोखंडी तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवून दाखवा. एका झटक्यात न तुटणारी तार थोड्या वाकवण्यांत तुटते. धातूही थकतो, हे मुलांना तिथेच कळेल. यांतलीच काही मुले उद्या गॅरेजात पाना धरतील, काही जीप चालवतील. गावच्या शाळेची मुले त्याच जीपमधून घाट उतरत असतील, तेव्हा ब्रेकचा पॅड कोणता घातला आहे आणि तो कोणत्या हाताने बसवला आहे, याला मोल येते.