घरातील शाळा मिटते तेव्हा

पुढे दुकान आणि मागे घर, अशी वास्तू शहापूर-मुरबाडच्या बाजारपेठांत अजूनही आढळते. दुकानाच्या फळ्या लागल्या की गिऱ्हाईक परत जाते, हे अशा घरातील लहान मुलासही ठाऊक असते. मुलांना घरीच शिकविणाऱ्या कुटुंबाला मात्र लावण्यास फळी नसते. जेवणाची चटई हाच वर्ग, स्वयंपाकघर हीच प्रयोगशाळा. आणि आई हीच शिक्षिका, मुख्याध्यापिका व शिपाई. त्यामुळे वर्ष संपले तरी तिची शाळा सुटत नाही.

गृहशिक्षण घेणारी अनेक मुले राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षेस बसतात. १९८९ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या सार्वजनिक परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोन वेळा होतात. एक आटोपते तोच दुसरी दिसू लागते. त्यात आप्तेष्ट विचारतात, ‘तुम्ही तर घरीच असता, मग सुट्टी कसली?’ मुलाला सुट्टी लागते खरी. पण आईच्या वाट्याला त्याच महिन्यात पापड, लोणची आणि पाहुणे येतात. मुंबईची तहान भागविणारी भातसा व तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत, आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातील पाडे टँकरची वाट पाहतात. घरातील शिक्षिकेची अवस्था याहून वेगळी नसते.

जैन परंपरेत थांबण्याला लाजिरवाणे मानलेले नाही. शेषकाळात पायी विहार करणारे साधू-साध्वी चातुर्मासात एका स्थानी स्थिर होतात. त्यामागील कारण थकवा नव्हे, पावसाळ्यातील सूक्ष्म जीवांची जपणूक आहे. तथापि त्या स्थैर्यात स्वाध्यायाला जो निवांतपणा लाभतो, तो वाटचालीत कोठून लाभणार? घरच्या शाळेनेही असे थांबणे आधीच ठरवून घ्यावे. वेळापत्रक भिंतीवरून उतरवावे, पुस्तके कपाटात ठेवावीत आणि उरलेला धडा खुशाल उरू द्यावा. दोन घटकांचे, म्हणजे ४८ मिनिटांचे सामायिक अनेक घरांत होतेच. त्या वेळात आईला कोणी हाक मारीत नाही. सुट्टीच्या दिवसांत दुपारचा तासभर तरी तिला असाच मिळावा, आणि तो तिने झोपेत घालविला तरी कोणी हिशेब मागू नये.

मूल मागे पडेल ही धास्ती उरतेच. कोसबाड पूर्वी ठाणे जिल्ह्यातच होते. तेथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालविली; गुरे राखणाऱ्या मुलांना शाळेत ओढून न आणता शाळाच कुरणावर गेली. मुलाच्या नित्याच्या जगण्यातही शिक्षण असते, ही त्यामागची दृष्टी. मग वैशाखात मुरबाडच्या रानातील करवंदे तोडणारे, आजोबांबरोबर बाजारात जाऊन सुटे पैसे मोजणारे मूल काय गमावते? मात्र त्या करवंदांवर निबंध लिहून घेण्याचा मोह आवरावा; तो फार लवकर होतो.

खरी अडचण घरातील इतरांची असते. महिनाभर सकाळचा स्वयंपाक कोणी करावा, पाहुण्यांना केव्हा बोलवावे, हे वडिलांनी व आजी-आजोबांनी परीक्षेपूर्वीच ठरवावे. जूनमध्ये भाताची खाचरे भिजू लागली की कपाट उघडावे. नव्या वर्षाच्या वह्या-पुस्तकांची यादी या वेळी वडिलांनी करावी.