वाया जाणारी फेरी

साडेतीन इंची फ्लॉपी मिनिटाला ३०० फेऱ्या घेते. म्हणजे एक फेरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शात. डॉसच्या नेहमीच्या ‘फॉरमॅट’ आज्ञेने प्रत्येक ट्रॅकचा पहिला सेक्टर एकाच रेषेत बसे. हेड पुढच्या ट्रॅकवर सरकेपर्यंत तो निसटून गेलेला असे, मग जवळपास पूर्ण फेरी थांबणे आले. ८० ट्रॅकांच्या फ्लॉपीत असे सुमारे १६ सेकंद नुसती वाट पाहण्यात जात.

जर्मनीच्या क्रिस्टोफ होखश्टेटर यांच्या ‘एफडीफॉरमॅट’ या प्रोग्रामने प्रत्येक ट्रॅकची सुरुवात थोडी मागे सरकवली. हेड पोचते न पोचते तोच सेक्टर समोर हजर! ही युक्ती फुकटची. जागेची मात्र फुकट नव्हती: १८ ऐवजी २१ सेक्टर आणि ८२ ट्रॅक पाडले, की १,४४० केबीच्या जागी १,७२२ मिळत, पण ती फ्लॉपी वाचायला आधी ‘एफडीरीड’ मेमरीत चढवावा लागे.

मायक्रोसॉफ्टनेही विंडोज ९५च्या फ्लॉप्या, पहिली सोडून, २१ सेक्टरांच्याच काढल्या. ट्रॅक ८०च, क्षमता १,६८० केबी. साध्या ‘डिस्ककॉपी’ने त्यांची नक्कल निघत नसे, हे कंपनीच्या पथ्यावरच पडले असणार.