पेशींची ओळखपरेड

जांभळ्या बुचाच्या नळीतून शंभर मायक्रोलिटर रक्त घ्यायचं, म्हणजे जेमतेम दोन थेंब. त्यात वीस मायक्रोलिटर प्रतिपिंड टाकायचं आणि नळी वीस मिनिटं अंधारात ठेवायची, कारण प्रतिपिंडाला जोडलेला चमकणारा रंग उजेडात विटतो. मग तांबड्या पेशी फोडायच्या, उरलेल्या धुऊन फ्लो सायटोमीटरला लावायच्या. यंत्रात पेशी एकामागोमाग एक लेझरसमोरून जातात. ज्यांच्या अंगाला प्रतिपिंड चिकटलंय, त्या चमकतात. पडद्यावर ठिपक्यांचं मोहोळ उठतं.

एवढा खटाटोप अशासाठी, की सूक्ष्मदर्शकाखाली लिंफोसाइट जवळपास सारख्याच दिसतात: मोठं गोल केंद्रक, भोवती कोशद्रव्याची बारीक किनार. मदतनीस टी पेशी कोणती, मारेकरी कोणती, बी पेशी कोणती, हे नुसतं पाहून सांगता येत नाही. फरक असतो तो पेशीच्या अंगावरच्या प्रथिनांत.

ती ओळखायला पूर्वी सशाचं किंवा बकरीचं अँटीसिरम वापरत. ते म्हणजे शेकडो प्रकारच्या प्रतिपिंडांची मिसळ. एका सशाचं दुसऱ्याशी जुळत नसे, आणि ससा मेला की संपलं.

केंब्रिजच्या रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत सेझार मिलस्टाइन आणि गेऑर्ग क्योलर यांच्यापुढे वेगळाच पेच होता. मायलोमा ही कर्करोगाची पेशी बशीत कितीही वाढते, भरपूर प्रतिपिंडही बनवते, पण ते कशाला चिकटणार याचा पत्ता नसतो. उलट लस टोचलेल्या उंदराच्या प्लीहेतली बी पेशी नेमकं प्रतिपिंड बनवते, पण बशीत थोड्याच दिवसांत मरते. दोघांनी या पेशी एकमेकींत विलीन केल्या. निवडीची युक्ती तर फारच देखणी. वाढद्रव्यात असं औषध घातलं, की एक विकर नसलेली मायलोमा पेशी जगूच शकत नाही. प्लीहेतल्या पेशी आपोआप मरतात. उरते ती जोडपेशी. तिला विकर एकीकडून आणि अमरत्व दुसरीकडून मिळालेलं असतं.

उंदरांना मेंढीच्या तांबड्या पेशी टोचल्या होत्या. योग्य प्रतिपिंड तयार झालं असेल, तर बशीतल्या मेंढीच्या पेशी फुटून पारदर्शक वलयं दिसायला हवीत. 1974च्या नाताळाच्या सुमारास क्योलर पत्नीला घेऊन तळघरातल्या बशा पाहायला गेले. निकाल शून्य आला तर निदान सोबत असावी, हा हिशेब. वलयं दिसली. 7 ऑगस्ट 1975च्या ‘नेचर’मध्ये शोधनिबंध आला. या पद्धतीचं पेटंट ब्रिटननं घेतलं नाही, यावर पुढे तिथं बरीच आदळआपट झाली. मिलस्टाइन यांनी मात्र त्या पेशी इतर प्रयोगशाळांना वाटल्या, आणि मला तरी पेटंटपेक्षा या वाटपाचं मोल जास्त वाटतं. त्यांच्याकडे रजेवर आलेल्या स्टॅनफर्डच्या लेनर्ड हर्झेनबर्ग यांनी जोडपेशींना ‘हायब्रिडोमा’ हे नाव रुळवलं. 1984 साली क्योलर आणि मिलस्टाइन यांना नील्स येर्न यांच्यासह नोबेल मिळालं.

एकेका जोडपेशीकडून एकाच प्रकारचं प्रतिपिंड हवं तितकं मिळू लागलं, मग प्रतिपिंडांचं पेवच फुटलं. एकाच रेणूला कुणी टी-4 म्हणे, कुणी ल्यू-3. हा गोंधळ निस्तरायला 1982मध्ये पॅरिसला कार्यशाळा भरली. अनेक प्रयोगशाळांनी एकमेकींची प्रतिपिंडं तपासली आणि सारखी वागणारी एका गटात टाकली. गट म्हणजे क्लस्टर. त्यावरून ‘क्लस्टर ऑफ डिफरन्शिएशन’, थोडक्यात ‘सीडी’, आणि पुढे आकडा. गंमत अशी, की हा क्रमांक मुळात प्रतिपिंडांच्या गटाचा, रेणूला तो नंतर चिकटला. माणसाचं नाव त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्यांवरून पडावं, तसं. आज हे आकडे 370च्या पुढे गेलेत.

आपल्याकडे त्यातला एक आकडा, मदतनीस टी पेशींची खूण असलेला सीडी-4, प्रयोगशाळेबाहेर पडला. त्याआधी 1981मध्ये लॉस एंजलिसला डॉक्टर मायकेल गॉटलीब यांच्या एड्सच्या रुग्णांत मदतनीस टी पेशी जवळजवळ नाहीशा झालेल्या दिसल्या, त्या याच नव्या प्रतिपिंडांमुळे. भारतात एप्रिल 2004पासून सरकारी केंद्रांत एचआयव्हीची औषधं मोफत मिळू लागली, तेव्हा ती कुणाला सुरू करायची हे ठरवताना सीडी-4च्या आकड्याला मोठं वजन होतं. मायक्रोलिटरमागे 200 ही तेव्हाची महत्त्वाची रेघ. ‘सीडी-फोर किती आला?’ हा प्रश्न शाळेचं तोंड न पाहिलेली माणसंही रांगेत एकमेकांना विचारत. 2017पासून आकडा कितीही असो, औषध सुरू, असं धोरण आलं.

प्रतिपिंड पेशी ओळखतं, असं आपण सैलपणे म्हणतो. ते ओळखतं फक्त प्रथिनाचा एक बारीकसा भाग. मेलेल्या पेशी त्याला उगाच धरून ठेवतात, काही पेशी तर त्याची शेपटीच पकडतात. त्यामुळे तुलनेसाठी वेगळी नळी लावावीच लागते.

मी शिकत असताना एकदा बाटलीच्या तळाला चिकटून वाढणाऱ्या पेशी तपासत होतो, पण आठवडाभर ठिपके जागचे हलेनात. प्रतिपिंड शिळं असणार म्हणून नवं मागवलं, तरी तेच. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या ताईनं विचारलं, ‘‘पेशी बाटलीपासून सोडवतोस कशानं?’’

‘‘ट्रिप्सिननं.’’

‘‘मग तूच कापतोयस की ती खूण!’’

ट्रिप्सिन प्रथिनंच कापतं. त्या दिवशी पेशी रबरी खरवडणीनं हलक्या हातानं काढल्या. प्रतिपिंड तेच, जुनंच. आलेखातला डोंगर उजवीकडे सरकला.